‘न्यूरो-अफर्मिंग’ थेरपी: पाटीवर काय आणि आत काय

मुंबई, ठाणे, पुण्यातल्या समुपदेशन केंद्रांच्या वेबसाइटवर हल्ली एक ओळ हमखास दिसते: ‘आम्ही न्यूरोडायव्हर्स व्यक्ती, जोडपी आणि कुटुंबांसोबत काम करतो.’ न्यूरोडायव्हर्स म्हणजे ज्यांचा मेंदू बहुसंख्यांपेक्षा वेगळ्या रीतीने चालतो असे लोक. ऑटिझम, एडीएचडी (लक्ष टिकवणं, काम सुरू करणं अवघड जाणं), डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण), डिस्प्रॅक्सिया (हालचालींच्या समन्वयातली अडचण), टुरेट (आपोआप होणाऱ्या हालचाली आणि आवाज) हे सगळं त्यात धरलेलं असतं. हे वेगळेपण दोष न मानता मदत करणारी ती ‘न्यूरो-अफर्मिंग’ थेरपी. हे परीक्षण कुठल्या एका केंद्राचं नाही, या प्रकारच्या सेवेचं आहे. पैसे भरल्यावर काय मिळायला हवं, प्रत्यक्षात काय मिळतं आणि गाडी कुठे रुळावरून घसरते, ते इथे पाहू.

आमचं मत आधीच सांगतो. सेवा गरजेची आहे, नीट दिली तर फरक पडतो, पण नीट देणारे थोडे आहेत. बऱ्याच ठिकाणी जुनीच थेरपी नव्या रंगाच्या लोगोखाली चालते. पेशंटला ‘तू वेगळा आहेस, कमी नाहीस’ असं गोड बोलून सांगायचं आणि मग ट्यूबलाइटखाली बसवून पन्नास मिनिटं डोळ्यांत डोळे घालून बोलायला लावायचं, याला सर्वसमावेशक म्हणत नाहीत.

पारख पहिल्या सेशनच्या आधीच होते. अपॉइंटमेंट फक्त फोनवरच मिळत असेल तर तिथेच एक गुण कापा. अनोळखी माणसाशी फोनवर बोलणं हेच ज्यांना अवघड जातं, त्यांच्यासाठी ही सेवा आहे. व्हॉट्सअॅप किंवा ईमेल चालायलाच हवा. चांगलं केंद्र आदल्या दिवशी एक छोटा मेसेज पाठवतं. इमारतीचा आणि दाराचा फोटो, कोणता मजला, बाहेर थांबावं लागेल का, आत कोण असेल, साधारण काय विचारलं जाईल, किती वेळ आणि किती पैसे, एवढं त्यात असतं. लिहायला पाच मिनिटं लागतात, पण येणाऱ्याचा निम्मा ताण तिथेच उतरतो.

दुसरी परीक्षा फॉर्मची. आठ पानी इंग्रजी गूगल फॉर्म, त्यात जन्मापासूनचा इतिहास, आणि मधेच बंद केला तर सगळं पुसलं जाणार. एडीएचडी असलेला माणूस तिसऱ्या पानावर टॅब बंद करतो आणि पुढचे चार महिने त्याची लाज बाळगत फिरतो. केंद्राच्या वहीत त्याच्यापुढे ‘प्रतिसाद नाही’ अशी नोंद होते. नीट विचार केलेला फॉर्म दोन भागांत असतो, मराठीतही असतो, आणि ‘उरलेलं पहिल्या सेशनमध्ये मिळून भरू’ असं त्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं. प्रश्नही वेगळे असतात. कोणत्या आवाजाचा, उजेडाचा, वासाचा त्रास होतो? बोलणं जमेनासं झालं तर लिहून चालेल का? तुम्हाला ‘ऑटिस्टिक’ म्हटलेलं आवडतं की ‘ऑटिझम असलेली व्यक्ती’? निदानाचा कागद असल्याशिवाय दारातच घेत नसतील तर ती पाटी उतरवून ठेवायला सांगा. मोठ्या वयात, विशेषतः बायकांच्या हाती, असा कागद फार क्वचित असतो.

आता निदानाचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडं थांबू, कारण लोकांचे सर्वात जास्त पैसे इथे वाया जातात. थेरपी आणि मूल्यमापन या दोन वेगळ्या सेवा आहेत. वीस मिनिटांत एक प्रश्नावली भरून घेऊन ‘तुम्हाला एडीएचडी आहे’ असं सांगणं म्हणजे निदान नाही. एएसआरएस ही प्रौढांच्या एडीएचडीसाठीची १८ प्रश्नांची चाचणी. तिच्यातले पहिले सहा प्रश्न चाळणीसाठी असतात आणि त्यातले चार ठरावीक पातळीच्या वर गेले तर पुढे तपासा, इतकाच त्याचा अर्थ. निदानासाठी डीएसएम-५ या मानसिक निदानांच्या २०१३ च्या अमेरिकन नियमपुस्तकाप्रमाणे लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून आहेत का हे पाहावं लागतं. म्हणजे शाळेची प्रगतिपुस्तकं, आईची किंवा मोठ्या भावंडाची मुलाखत. ‘हुशार आहे पण लक्ष नाही, वही अपूर्ण’ असा बाईंचा शेरा सलग चार इयत्तांत सापडला तर तो महागड्या संगणकीय चाचणीपेक्षा जास्त सांगून जातो. त्याच डीएसएम-५ ने ऑटिझम आणि एडीएचडी ही दोन्ही निदानं एकाच व्यक्तीला देण्याची वाट मोकळी केली. त्याआधीचं ‘हे असेल तर ते नाही’ अजूनही ज्यांच्या तोंडी आहे, त्यांचं वाचन दहा वर्षं मागे आहे असं समजा.

प्रश्नावल्यांची आणखी एक गंमत. केंब्रिजला २००१ मध्ये तयार झालेल्या एक्यू या ऑटिझमच्या चाचणीत ‘पार्टीपेक्षा लायब्ररीत जायला आवडेल’, ‘म्युझियमपेक्षा नाटकाला जायला आवडेल’ अशी विधानं आहेत. लातूरच्या किंवा सावंतवाडीच्या माणसाने यावर काय खूण करायची? जाणकार तिथे थांबतात आणि विचारतात, ‘लग्नाच्या पंगतीत तुम्ही कुठे बसता? जेवून झाल्यावर किती वेळ टिकता?’ उत्तर मिळतं. आपल्याकडे अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी आयएसएए ही ऑटिझमची ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी. तिच्यात ७० च्या खाली ऑटिझम नाही असं धरतात. ती बाहेरून दिसणाऱ्या वागण्यावर बेतलेली आहे, त्यामुळे आयुष्यभर लोकांची नक्कल करून निभावलेली चाळिशीची बाई तिच्यात सहज निसटते. अहवालात नुसता आकडा असेल आणि मुलाखतीचा एकही परिच्छेद नसेल तर तो अहवाल अर्धवट आहे.

आणि निदानाआधी साध्या गोष्टी. लहान मूल हाकेला ओ देत नसेल तर आधी कानांची तपासणी. मोठ्या माणसाचं लक्ष लागत नसेल तर थायरॉइड, झोप, घोरणं, नैराश्य. हे न विचारता थेट ‘न्यूरोडायव्हर्स’चा शिक्का देणारं केंद्र हे ‘आळशी आहेस’ म्हणणाऱ्या केंद्राइतकंच घाईचं.

आता खोलीत शिरू. बदल खर्चिक नसतात. ट्यूबऐवजी बाजूचा पिवळा दिवा, अगरबत्ती आणि रूम फ्रेशनर बंद, पंख्याची खरखर दुरुस्त केलेली. समोरासमोर दोन खुर्च्यांऐवजी कोनात मांडलेल्या, म्हणजे नजर खिडकीकडे ठेवून बोलता येतं. हातात चाळा करायला काहीतरी, उठून फेऱ्या मारायची मुभा. ऑनलाइन असेल तर कॅमेरा बंद चालेल आणि चॅटमध्ये टाइप केलेलंही चालेल, हे थेरपिस्टने स्वतःहून सांगायला हवं. ‘मागितलं असतं तर दिलं असतं’ हे उत्तर चालणार नाही, कारण मागता येत नाही हीच तर अडचण आहे.

पण ही झाली खोलीची सजावट. खरा कस लागतो पद्धतीचा. ब्रिटनमध्ये आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या संस्थेने २०१२ मध्ये प्रौढांच्या ऑटिझमबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. मानसोपचार करताना जास्त ठोस आणि आखीव पद्धत ठेवा, लिखित आणि चित्रमय साहित्य वापरा, अलंकारिक बोलणं टाळा, मधे विश्रांती द्या, व्यक्तीच्या आवडीचे विषय कामात घ्या, असं त्यात लिहिलेलं आहे. सगळी माहिती उघड आहे. तरी सर्वाधिक ऐकू येणारा प्रश्न तोच: ‘मग तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?’

बऱ्याच ऑटिस्टिक लोकांना स्वतःच्या भावनेला चटकन नाव देता येत नाही. ते गप्प बसतात आणि थेरपिस्ट वहीत ‘प्रतिकार’ असं लिहितो. जाणता थेरपिस्ट प्रश्न बदलतो. जबडा आवळला होता का, पोटात काय होत होतं, खांदे कुठे होते? शरीराच्या खुणाही पकडता येत नसतील तर आणखी बाहेर येतो. त्या दिवशी जेवलात किती वाजता? बोलणं कधी बंद झालं? घरी आल्यावर दिवा लावला की अंधारातच बसलात? अशा पाच-सहा प्रसंगांतून त्या माणसाची स्वतःची मोजपट्टी तयार होते. चहा गार होईपर्यंत विसरला म्हणजे ताण दहापैकी चार, मेसेज उघडायची भीती वाटू लागली म्हणजे सात. तयार छापील हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांच्या तक्त्याचा मोठ्या माणसाला काहीएक उपयोग होत नाही.

सीबीटीबद्दलही, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलायच्या थेरपीबद्दलही, एक तक्रार नोंदवायला हवी. पद्धत चांगली आहे, तिचा वापर आंधळा होतो. ‘ऑफिसात लोक माझ्यामागे हसतात’ असं कुणी म्हटलं की तो विचारातला दोष धरून त्याच्याविरुद्धचे पुरावे शोधायला लावतात. इथे आधी विचारायचं असतं की लोक खरंच हसतात का. कारण पुष्कळदा हसतात. खऱ्या अनुभवाला भ्रम ठरवलं की तो माणूस परत येत नाही. तसंच भीतीच्या प्रसंगाला हळूहळू सामोरं जाण्याचं. लोकांसमोर बोलायची भीती सरावाने उतरते. दादर स्टेशनवरच्या गोंगाटाने डोकं फुटायची वेळ येणं ही भीती नाही, ती इंद्रियांवर येणाऱ्या ओझ्याची बाब आहे आणि ती सवयीने बहुधा जात नाही. तिथे कानात इअरप्लग, नऊची लोकल सोडून साडेदहाची, आणि ऑफिसशी वेळेबद्दल बोलणी, हेच उपचार. दोन्हींतला फरक न कळणारा थेरपिस्ट माणसाला आठवडाभर रोज दादरला पाठवतो आणि नवव्या दिवशी तो अंथरुणातून उठत नाही.

नैराश्य आणि ऑटिस्टिक बर्नआउट (सतत जास्त ओझं वाहून ऑटिस्टिक माणसाची ताकद संपून जाणं) यांची गल्लत तर फारच होते. नैराश्यात हालचाल वाढवायला सांगतात: बाहेर पडा, लोकांना भेटा, रोज एक काम जास्त करा. बर्नआउटमध्ये आधी ओझं कमी करावं लागतं. ओळखायची ढोबळ खूण अशी की आवडीच्या विषयाची ओढ शिल्लक असते पण ताकद नसते, आवाज-उजेड पूर्वीपेक्षा जास्त टोचतो, आणि स्वयंपाक, फोनवर बोलणं अशी येत असलेली कामं अचानक जमेनाशी होतात. दोन्ही एकत्रही असू शकतात. जीव द्यावासा वाटतो का, हा प्रश्न दोन्हींत सरळ शब्दांत विचारायलाच हवा, कारण ऑटिस्टिक व्यक्तींमध्ये आत्महत्येचा धोका जास्त असतो हे अभ्यासांतून पक्कं झालं आहे. संकटाच्या वेळी काय करायचं याचा लिहिलेला कागद दुसऱ्या-तिसऱ्या सेशनपर्यंत हातात मिळाला पाहिजे. त्यावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक असायला हरकत नाही. तो चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

एडीएचडीच्या बाजूला गोष्ट वेगळीच बिघडते: गृहपाठावर. सहा रकान्यांची रोजनिशी दिली जाते, ती भरली जात नाही आणि पुढचं सेशन खजील होण्यात जातं. इथे चांगल्या थेरपिस्टची ओळख एका प्रश्नाने पटते. ‘का नाही केलं?’ असं तो विचारत नाही. ‘कुठे अडलं?’ असं विचारतो. आठवणीत अडलं असेल तर उपाय बाहेर टांगायचा, डब्याच्या पिशवीला चिठ्ठी बांधायची. सुरुवातीत अडलं असेल तर कामाची पहिली दोन मिनिटं सेशनमध्येच करून टाकायची. मधे सुटत असेल तर व्हिडिओ कॉलवर कुणीतरी सोबत बसून पंचवीस मिनिटं आपापलं काम करायचं. शेवटात अडत असेल, म्हणजे मेल लिहून झाला पण पाठवला नाही, तर ‘पुरेसं झालं’ कधी म्हणायचं हे आधी ठरवायचं. चार अडचणी, चार वेगळे उपाय. सगळ्यांना एकच प्लॅनर विकत घ्यायला लावणाऱ्यांनी मराठी घरांतल्या कपाटांत कोऱ्या डायऱ्यांची भर घातली आहे, बाकी काही नाही.

नुसत्या बोलण्याने एडीएचडीचं सगळं सुटेल असं भासवणाऱ्यांपासूनही जपा. औषधाची गरज पडू शकते, आणि ते लिहून द्यायचा अधिकार मानसोपचारतज्ज्ञाचा, म्हणजे डॉक्टरचा. मानसशास्त्रज्ञाचा नाही. सुरू करण्याआधी रक्तदाब, नाडी, वजन, घरातला हृदयविकाराचा इतिहास बघावा लागतो. ज्या केंद्राचा एखाद्या डॉक्टरशी चालू संपर्क आहे ते केंद्र पसंत करा. औषधाचं नाव काढताच नाक मुरडणारं केंद्र नको, आणि पहिल्याच भेटीत चिठ्ठी देऊन मोकळं होणारंही नको.

जोडप्यांची सेवा हा या सगळ्यातला सर्वात कच्चा भाग. नेहमीचा प्रसंग घेऊ. तो ऑटिस्टिक, तिला एडीएचडी. संध्याकाळी ती म्हणते, ‘दूध संपलंय.’ तो म्हणतो, ‘हो, पाहिलं मी.’ तिच्या लेखी ही विनंती होती, तिला नकार मिळाला. त्याच्या लेखी ती माहिती होती, त्याने दुजोरा दिला. रात्री साडेनऊला भांडण. आपल्या घरांतली निम्मी विनंती अशी आडून येते: ‘कचरा साचलाय’, ‘आईचा फोन आला होता’, ‘कुकर बघ जरा’. पारंपरिक जोडपे-समुपदेशक इथे त्याला म्हणतो, ‘तिच्या मनात काय होतं, ओळखा बघू.’ म्हणजे जे जमत नाही तेच आणखी जोरात करायला सांगतो.

नीट काम करणारा कागदावर तीन रकाने आखतो: बोललेले शब्द, समोरच्याला कळलेला अर्थ, हवी असलेली कृती. पाच-सहा प्रसंग तसे मांडले की कुणी मुद्दाम करत नव्हतं हे दोघांनाही दिसतं. मग करार. विनंतीत कोणी, काय, कधीपर्यंत हे तिन्ही असेल: ‘आठच्या आत अर्धा लिटर दूध आणशील?’ पण बदल एकट्या त्याच्या किंवा तिच्या गळ्यात पडता कामा नये. ती बिलं भरायला विसरते तर बिलं ऑटो-पेवर. त्याला ऐन वेळी आलेले पाहुणे झेपत नाहीत तर आधी कळवायचं आणि अर्ध्या तासाने आत जायची मुभा ठेवायची, ‘माणूसघाणा’ हा शब्द न वापरता. भांडण तापल्यावर थांबायचा नियमही लिहून ठेवतात. कुणीही ‘थांबू’ म्हणू शकतं, किमान वीस मिनिटं, आणि जो थांबायला सांगेल त्यानेच परत कधी बोलायचं ती वेळ तिथल्या तिथे सांगायची. हा शेवटचा भाग सुटला की पद्धत उलटते. एकाला मिळते शांतता, आणि दुसऱ्याला नुसता बंद दरवाजा.

यामागे एक विचार आहे. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये मांडलं की समजुतीची दरी दोन्ही बाजूंनी असते, एकट्या ऑटिस्टिक माणसात नसते. पुढे २०२० च्या एका प्रयोगात आठ-आठ जणांच्या साखळीत कानगोष्टीसारखी एक गोष्ट पुढे पाठवली. फक्त ऑटिस्टिक लोकांच्या साखळीने ती इतरांइतकीच नीट पोहोचवली, मिश्र साखळीत मात्र तपशील गळाले. नंतरच्या मोठ्या प्रयोगात मिश्र साखळीतली ती घट दिसली नाही, म्हणून या निष्कर्षावर फार मोठा इमला चढवू नये. ऑटिस्टिक माणूस संवादात मुळातच कमी, हे मात्र दोन्हींपैकी एकाही वेळी सिद्ध झालं नाही. ‘तुमचा नवरा ऑटिस्टिक आहे, तुम्हीच समजून घ्या’ किंवा ‘तुम्हाला सहानुभूतीच नाही’ असं एका बाजूला बोलणारा थेरपिस्ट दिसला तर दुसरं सेशन बुक करू नका.

आणि एक गोष्ट स्पष्ट. मारहाण, धमकी, पैसे अडवणं, कोंडून ठेवणं याला ‘मेल्टडाउन’ म्हणून सांभाळून घेणारी जोडपे-थेरपी धोकादायक आहे. मेल्टडाउनमध्ये माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटतो. तो ठरवून एकाच माणसावर, दार लावून, साक्षीदार नसताना येत नाही. म्हणून सुरुवातीला दोघांना एकेकदा वेगळं भेटून ‘घरात भीती वाटते का?’ हे विचारण्याची पद्धत केंद्रात हवी. उत्तर हो असेल तर एकत्र सेशन थांबवून सुरक्षिततेचं बघायचं. बायकांसाठी १८१ हेल्पलाइन आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे.

कुटुंबाच्या सेशनमध्ये आपल्याकडे आई-बाबा पुरत नाहीत. आजी लागते. कारण ‘लाडावलाय’, ‘आम्ही नाही का वाढवली मुलं’ हे वाक्य तिथून येतं आणि घराचा कायदा पुष्कळदा तिच्याच हातात असतो. तिला दोषी ठरवून चालत नाही, तिच्याच अनुभवातून बोलावं लागतं. बहुतेक आज्यांना असा एक भाऊ किंवा दीर आठवतो जो कुणात मिसळत नसे, रेल्वेचं टाइमटेबल तोंडपाठ म्हणे आणि फक्त वरणभात खाई. ती आठवण निघाली की खोलीतलं वातावरण बदलतं. मुद्दे मात्र नेमके ठेवावे लागतात. शाळेत शहाण्यासारखं वागणारं मूल घरी येऊन दप्तर फेकतं. ते आईचे लाड झाले म्हणून होत नाही, दिवसभर धरून ठेवलेलं तिथे सुटतं. त्या वेळी शब्द कमी, प्रश्न शून्य, टीव्ही बंद, बघे बाहेर. समजावणं दुसऱ्या दिवशी. ‘काकांना हाय कर’, ‘पाया पड’ याला पर्याय लांबून नमस्कार. गणपतीत ढोल-ताशा सुरू व्हायच्या आधी मूल कोणत्या खोलीत जाईल, त्याच्याबरोबर कोण बसेल, आरतीला किती मिनिटं यायचं, हे आठवडाभर आधी ठरवून फ्रिजवर लावायचं. अशी सणवार धरून योजना करून देणारं केंद्र दिसलं तर समजा तिथल्या लोकांनी खरी घरं पाहिली आहेत.

‘नॉर्मल दिसेल’ असं ध्येय लिहिणाऱ्या मुलांच्या कार्यक्रमांपासून सावध. हात हलवणं बंद करणं, बळेच डोळ्यांत बघायला लावणं, खाऊच्या बदल्यात आज्ञापालन, हे ध्येय-पत्रकात असेल तर विचारा की यातून मुलाला काय मिळणार. वेदना सांगता येणं, नको म्हणता येणं, एकट्याने संडासला जाता येणं ही ध्येयं. मोठ्यांच्या बाबतीत याच जातीची चूक म्हणजे ‘लग्न झालं की ठीक होईल’ याला थेरपिस्टने मान डोलावणं. ऑटिस्टिक लोकांत समलिंगी आणि ट्रान्स व्यक्तींचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त दिसतं, त्यामुळे सर्वसमावेशक म्हणवणाऱ्या केंद्राला त्याही बाजूचं शिक्षण असायला हवं. नसेल तर पाटी अर्धीच खरी.

पैशांचं. शहरातल्या खासगी सेवेत एका सेशनचे साधारण हजार ते तीन हजार पडतात, जोडप्यांचे जास्त. पूर्ण मूल्यमापनाचा खर्च पाच आकड्यांत जाऊ शकतो. वीस सेशनचं पॅकेज आगाऊ घेऊ नका. सहाव्या सेशनला थांबून, ठरवलेल्या दोन-तीन ध्येयांपैकी काय हललं ते बघायचं, असं आधीच लिहून घ्या. चोवीस तास आधी न कळवल्यास पूर्ण फी, हा नियम थेरपिस्टच्या पोटाचा आहे, त्याला नावं ठेवत नाही. पण एडीएचडी असलेल्यांना तो दरमहा दंड होऊन बसतो. आदल्या संध्याकाळी आणि दोन तास आधी असे दोन मेसेज, आणि पोहोचता आलं नाही तर त्याच वेळात फोनवर सेशन, एवढं केलं तर नियम टिकतो आणि माणूसही टिकतो. खासगी विम्यातून, रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या सेशनचे पैसे सहसा मिळत नाहीत. ऑटिझमसाठी नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय ही आरोग्य विमा योजना आहे, १ लाख रुपयांपर्यंतची, तिच्यात थेरपीचा खर्चही मर्यादेत बसतो. एडीएचडी तिच्यात नाही. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांतही ऑटिझम आणि अध्ययन अक्षमता आहेत, एडीएचडी नाही. तेव्हा ‘सर्टिफिकेट मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला नेमकं कशाचं, ते विचारा. दहावी-बारावीला जादा वेळ किंवा लेखनिक हवा असेल तर खासगी अहवाल पुरत नाही, ठरवून दिलेल्या सरकारी किंवा पालिका रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. तिथे तारीख मिळायला वेळ जातो, म्हणून नववीतच नाव घाला.

पात्रता विचारायला लाजू नका. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते आणि त्या नोंदणीचा सीआरआर क्रमांक असतो. एमए करून समुपदेशन करणारेही उत्तम असू शकतात, पण मग कुणाच्या देखरेखीखाली काम करता हे विचारा. थेरपिस्ट स्वतः न्यूरोडायव्हर्स असेल तर समजून घेणं सोपं जातं, मात्र तेवढ्याने पात्रता येत नाही. ‘मलाही आहे’ म्हणत सेशनची वीस मिनिटं स्वतःबद्दल बोलणारे आता बरेच झाले आहेत.

परदेशातली मराठी मंडळी इथल्या थेरपिस्टकडे ऑनलाइन येतात, कारण सासू, नणंद, देशावरचं घर हे सगळं समजावून सांगावं लागत नाही. त्यांच्यासाठी दोन गोष्टी. अमेरिकेत परवाना राज्यागणिक असतो, त्यामुळे इथल्या थेरपिस्टचं पत्र तिथल्या कंपनीत किंवा शाळेत सवलतीसाठी चालेल असं धरून चालू नका. त्या कागदापुरतं तिथलाच माणूस बघा. आणि पहिल्याच सेशनला तुमच्या गावातला तातडीचा क्रमांक आणि जवळच्या एका माणसाचा नंबर थेरपिस्टकडे लिहून द्या. न्यू जर्सीत रात्रीचे दोन वाजलेले असताना पुण्यातून कुणी तुमच्या दारापर्यंत पोहोचू शकत नाही, आणि १४४१६ तिथून लागतही नाही.